शेकडा तीन

कार्डाच्या मशीनवाल्या बाईंनी तो आकडा मोठ्याने वाचला तेव्हा पावणेचार वाजले होते. दुपारचं शेवटचं गिऱ्हाईक जाऊन वीस मिनिटं झाली होती, आणि दोन टेबलं पलीकडे नॅपकिनांच्या घड्या घालणारा काकांचा हात थांबला. निदान बाईंसमोर बसलेल्या मालकाला तरी तो थांबल्यासारखा वाटला. "एक पूर्णांक पंच्याहत्तर," बाई म्हणाल्या, "म्हणजे शेकडा पावणेदोन. गेली पाच वर्षं तुम्ही कार्डामागे पावणेदोन टक्के भरताय, साहेब. जास्त आहेत." बाईंचा आवाज खणखणीत होता. दिवसभर हॉटेलं पालथी घालायची, भांड्यांचा नि पंख्यांचा गलका कापून मालकाच्या कानापर्यंत पोचायचं, अशा धंद्यात आवाज तसाच होत असणार. पण आत्ता हॉटेल रिकामं होतं. खुर्च्या आत सारलेल्या, पंखे बंद, आतून फक्त कुणीतरी कढई घासत होतं. त्याने मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. काका पुढची घडी घालत होते. तिरकी दुमड, मग उलटी दुमड, मग अंगठ्याने दाब. सोळा वर्षं ज्या गतीने घालत होते त्याच गतीने. मग हात थांबला होता की नव्हता?

काका म्हणजे हॉटेल उघडलं त्या दिवसापासूनचे वेटर. पासष्टीला टेकलेले, वाकताना उजवा गुडघा कट्कन वाजणारे, आणि एका कानाने कमी ऐकू येणारे. कुठल्या कानाने? डाव्या. हो, डाव्याच. गिऱ्हाईक ऑर्डर सांगायला लागलं की ते मान किंचित डावीकडे वळवत आणि उजवा कान पुढे करत, आणि गिऱ्हाइकाला वाटे की म्हातारा किती अदबीने ऐकतोय. आत्ता ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे इकडे कुठला कान होता? त्याने मनातल्या मनात स्वतःला त्यांच्या खुर्चीत बसवलं, खिडकीकडे तोंड केलं, आणि दोन्ही कान चाचपून पाहिले. इकडे डावा येत होता. त्याला इतकं बरं वाटलं की तो बाईंकडे पाहून हसला, आणि बाईंना वाटलं साहेबांना आपलं म्हणणं पटलं. मग लगेच आठवलं की मगाशी बाईंनी त्याच्या बायकोने पाठवलेलं जुन्या मशीनचं स्टेटमेंट पिशवीतून काढलं तेव्हा काका उभे होते, कपाटातून नॅपकिन काढत होते, आणि ते बसले नेमके कधी ते त्याला काही केल्या आठवेना.

गोष्ट एवढीशी होती. गिऱ्हाइकाने टिप कार्डावर दिली की ती आधी मालकाच्या खात्यात जाते. तिथून ती काढायची आणि दर सोमवारी पाकिटात घालून काकांच्या हातात द्यायची, म्हणजे ते सातजणांत वाटतात. पाकिटावर चिठ्ठी असते, त्याच्याच अक्षरात: कार्डावरची टिप इतकी, वजा मशीनचे शेकडा तीन, बाकी इतकी. नऊ वर्षांपूर्वी पहिलं मशीन आलं तेव्हा दर खरोखरच शेकडा तीन होता. त्याने सगळ्यांना इथेच बसवून सांगितलं होतं, की बाबांनो, तुम्हाला मिळालेल्या शंभरातले तीन मशीनवाला खातो, ते मी माझ्या पदरचे घालू शकत नाही. काका म्हणाले होते, "बरोबर आहे मालक, ज्याचं त्याने सोसावं." इथपर्यंत सगळं धुतल्या तांदळासारखं होतं. पाच वर्षांपूर्वी दर उतरला, तीनाचा पावणेदोन झाला, आणि चिठ्ठीवरचे तीन तीनच राहिले. त्याने ठरवून काही केलं नव्हतं. चोरी करणारा माणूस काहीतरी करतो, हात घालतो, इकडेतिकडे बघतो. त्याने फक्त एक गोष्ट केली नव्हती. दर सोमवारी, दोनशे साठ वेळा, केली नव्हती.

"आता दुसऱ्या कंपनीचा कागद बघा," बाई सांगत होत्या. त्यांनी तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले होते. "सव्वा टक्का, ठळक अक्षरात. कुणीही भुलेल. पण खाली बारीक अक्षरात वाचा. मशीनचं भाडं वेगळं. कार्ड घासलं की दर वेळचे वेगळे. परदेशी कार्ड आलं की सव्वातीन. आणि चार वर्षांच्या आत सोडलंत तर दंड. टक्का गोड, बाकी कडू. आमचं एकच सांगणं, एक पूर्णांक चार. भाडं नाही, दंड नाही. मॅडमनी हिशोब केलाच आहे." मॅडम म्हणजे त्याची बायको. हॉटेलचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं, आणि बाईंना बोलावणंही तिचंच होतं. पुढच्या महिन्यापासून जागेचं भाडं वाढत होतं. त्या दिवसापासून ती हात धुऊन खर्चाच्या मागे लागली होती. भाजीवाल्याच्या बिलामागे तिने तीन रकाने पाडले होते, तीन कंपन्यांचे, आणि तिसऱ्या रकान्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या दोन रेघांनी भाडेवाढीतली निम्मी रक्कम भरून निघत होती. तो तिला म्हणाला होता की दात कोरून पोट भरत नाही. ती म्हणाली होती, "तुम्ही आधी कोरा तर."

"आणि टिपची सोय बघा किती छान आहे," बाई म्हणाल्या. ही सोय तो आज पहिल्यांदाच ऐकत होता. नव्या मशीनवर टिप मालकाच्या खात्यात येतच नाही. ती परस्पर वाटली जाते, आणि दर सोमवारी प्रत्येक कामगाराच्या फोनवर हिशोब येतो: टिप इतकी, मशीनचे इतके टक्के, बाकी इतकी. "तुमच्या डोक्याची कटकटच मिटली. माणसंही खूश राहतात, आपल्याला फसवत नाहीत ना ही शंकाच नको." फसवत नाहीत ना, हे शब्द बाईंनी अगदी सहज वापरले. अशी वाक्यं त्या दिवसातून दहा ठिकाणी बोलत असतील. त्याने नॅपकिनांकडे पाहिलं. ढीग वाढला होता.

म्हणजे तसं पाहिलं तर देवच पावला होता. नवी कंपनी, नवा दर, तीनाचा एक पूर्णांक चार. सातहीजणांना एकत्र बोलावून सांगायचं की तुमच्यासाठी स्वस्त मशीन आणलंय. वर शाबासकी मिळाली असती. मधला पावणेदोन, त्याची पाच वर्षं, सगळं त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत पडून गेलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त काकांनी ऐकलेलं नसायला हवं होतं. एक म्हातारा, एक कान, एक आकडा. त्याच्या बावन्न वर्षांच्या आयुष्याचं काय ते या तीन गोष्टींवर येऊन ठेपलं आहे असं त्याला वाटलं. मग एवढ्याशा गोष्टीला आपण आयुष्य का म्हणतो आहोत असा रागही आला.

"जरा मागे जाऊन येतो," तो म्हणाला आणि उठला. जाताना काकांच्या टेबलाजवळून जावं लागलं. काकांनी वर पाहिलं नाही. एरवी पाहतात का? एरवी तो कधी या वेळी या टेबलाजवळून गेलाच नव्हता. कोठीच्या खोलीत त्याने दिवा लावला, दार ओढून घेतलं आणि पिठाच्या पोत्यावर बसला. समोरच्या फळीवर ग्लास होते. डझनाच्या खोक्यांत, आडवे कागद घातलेले, तीन खोकी न फोडलेली, एक अर्धं. ग्लासांच्या बाबतीत त्याने कधी हात आखडता घेतला नव्हता. या हॉटेलात ग्लास फुटला की तो गल्ल्यावरूनच मोठ्याने म्हणायचा, "गेला! दुसरा घ्या," आणि ज्याच्या हातून फुटला असेल त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही असा रिवाज होता. केरसुणी आणायची ती भलत्यानेच. नवं माणूस कामाला लागलं की काका त्याला पहिल्या दिवशी हा रिवाज समजावून सांगत. गिऱ्हाइकांना तो गमतीने सांगे की आमच्याकडे मीठ कमी पडेल, ग्लास नाही. हे सांगताना त्याची छाती दोन बोटं वर येई. कारण त्याचे वडील वेटर होते.

वडील दुसऱ्या एका हॉटेलात वेटर होते, मोठ्या, आरशांच्या. दर रविवारी सकाळी ते पगाराचं पाकीट आईसमोर ठेवत आणि आई ते उलटं करून झटकत असे, आणखी काही अडकलंय का बघायला. पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहिलेलं असे: ग्लास चार. ग्लास सहा. एकदा ग्लास अकरा. वडिलांचे हात इतके स्थिर होते की ते बोटांच्या पेरांत दोन्ही हातांनी मिळून आठ ग्लास धरत आणि एकाचा दुसऱ्याला आवाज होऊ देत नसत. त्याने एकदा विचारलं होतं, "बाबा, अकरा कसे फुटले?" वडील दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "फुटले नाहीत रे. मालकाच्या वहीत फुटतात." आई म्हणाली, "मग बोलत का नाही तुम्ही?" वडिलांनी वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला, आणि गालाची दुसरी बाजू करायला घेतली. या गोष्टीचं त्याला आयुष्यभर सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर वडिलांना मालकाचा राग आला नव्हता हे. ते म्हणायचे, "सगळेच कापतात. कोणी तोंडावर कापतं, कोणी वहीत." आपण मालक झालो तर कापणार नाही, हे त्याने बाराव्या वर्षी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं पाळलं होतं. सोळा वर्षांत एका ग्लासाचा एक पैसा कुणाच्या पगारातून गेला नव्हता. पोत्यावर बसून तो स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य थोडं आणखी पातळ होत होतं.

त्याने फोनवर आकडेमोड केली. आठवड्याला कार्डावरची टिप साधारण बारा हजार. शेकड्याला सव्वा जास्तीचा. दीडशे. गुणिले दोनशे साठ. एकोणचाळीस हजार. पाच वर्षांचे, सातजणांचे, एका बऱ्यापैकी फ्रिजची किंमत. त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली ती रक्कम लहान आहे याची. मोठा हात मारला असता तर निदान काहीतरी कारण तरी सांगता आलं असतं, मुलीची फी, आजारपण. एवढ्याशासाठी? ते पैसे गेले कुठे तेही त्याला ठाऊक नव्हतं. कुठे जाणार, गल्ल्यात पडले, मिठात गेले, तेलात गेले.

आणि दर उतरल्याचं पत्र. त्या दिवशीची दुपार त्याला अजून जशीच्या तशी दिसत होती. जाड कागद, वर निळी पट्टी, खाली कुणाची तरी सही: आपल्या सेवेचा दर कमी करताना आनंद होत आहे. तो गल्ल्याशी उभा राहून वाचत होता. सोमवारी सांगू, त्याने म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं. तेवढ्यात चार नंबरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक ओरडलं की टेबल डुगडुगतंय, सूप सांडतंय. चार नंबरचा एक पाय पहिल्यापासून आखूड. त्याने इकडेतिकडे पाहिलं, हातात कागद होताच, जाडही होता. घडी घातली, घडीची घडी घातली, आणि वाकून पायाखाली सारली. टेबल बसलं. गिऱ्हाईक म्हणालं, वा. हे त्याने मुद्दाम केलं होतं का? आत्तापर्यंत तो म्हणत आला होता की नाही, हाताशी होता तो कागद वापरला. पण गल्ल्यात त्या वेळी भाजीवाल्याची वीस जुनी बिलं पडलेली होती. पोत्यावर बसल्या बसल्या त्याला ती वीस बिलं स्पष्ट दिसली, तारेत ओवलेली. आणि मग हेही सुचलं की मशीनवाल्या बाई आत्ता बसल्या आहेत ते टेबल चार नंबरचंच आहे.

तो बाहेर आला तेव्हा काका बाईंपुढे कॉफी ठेवत होते. म्हणजे उठले होते. म्हणजे इतका वेळ ते बाईंच्या जवळ होते, आणि बाईंचं तोंड बंद राहणारं नव्हतं. "मालक, तुमच्यात साखर तेवढीच ना?" काकांनी विचारलं. तेवढीच. हा शब्द काका रोज वापरत होते की आज वापरला? "तेवढीच," तो म्हणाला. "का?" "का म्हणजे?" काका म्हणाले. "डॉक्टरांनी कमी करायला सांगितली होती ना तुम्हाला. कमी केलीत का, म्हणून विचारलं." त्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं, किंवा जे रोज असतं तेच होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. चांदणं कसलं, त्याच्या मनात लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात काकांचा प्रत्येक शब्द सावलीसकट दिसत होता.

बायको हात पुसत बाहेर आली. "झाली का सही?" "बघतोय," तो म्हणाला. "आता काय बघायचं राहिलंय? महिनाभर बघतोयच." "उद्या केली तर?" बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हा दर आजच्या तारखेपर्यंतच आहे, साहेब. मी मॅडमना फोनवर सांगितलं होतं. आणि साडेपाचला मला दुसरीकडे पोचायचंय." बायकोने त्याला कोपराला धरून गल्ल्याकडे नेलं आणि आवाज खाली आणला. "अहो, तुमचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? दर कमी, भाडं नाही, दंड नाही. माणसांची टिप परस्पर जाते, तुमची सोमवारची पाकिटं सुटतात." "नऊ वर्षं मी हाताने देतोय पाकीट," तो म्हणाला. "त्यात एक आपलेपणा असतो." हे बोलताना त्याला स्वतःचीच किळस आली. बायकोने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिने चिठ्ठीवरचे तीन आणि स्टेटमेंटवरचे पावणेदोन कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. स्टेटमेंट तो बघे, स्वयंपाकघर ती बघे. ही रकाने पाडायची वेळ येईपर्यंत तिने दर विचारलाही नव्हता, आणि पाडतानाही तिचं लक्ष होतं ते फक्त दोन रेघांवर. "तुम्हाला बरं नाहीये का?" तिने विचारलं. "घाम किती आलाय." "आत गरम होतं," तो म्हणाला.

तो परत टेबलाशी येऊन बसला. बाईंनी पेन पुढे केलं आणि सहीची जागा दाखवायला दोन्ही कोपरं टेबलावर टेकली. टेबल कलंडलं. कॉफी बशीत सांडली, बशीतून स्टेटमेंटवर आली, आणि पावणेदोनच्या आकड्याभोवती तपकिरी पाणी पसरलं. "अरे अरे," बाई म्हणाल्या. काका आधीच आले होते. फडक्याने कागद टिपला, कप उचलला, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून ते खाली बसले. गुडघा कट्कन वाजला. त्याला वरून त्यांचा पांढरा भांग दिसत होता आणि टेबलाखाली गेलेला हात दिसत होता. त्या हाताने पायाखालून घसरलेली घडी बाहेर काढली. काळी पडलेली, चपटी, पण एका कडेला निळी पट्टी अजून होती. काकांनी ती उलगडली नाही. फक्त तळहातावर पालथी केली, एक पदर जास्त दुमडला, पुन्हा पायाखाली सारली आणि टेबल दाबून पाहिलं. हे सगळं त्यांनी न बघता केलं, डोळे कुठेतरी खुर्चीच्या पायाकडे लावून. दर सोमवारी फरशी धुतली जाते. दर सोमवारी कुणीतरी ती घडी काढत असणार आणि परत लावत असणार. इतकी साधी गोष्ट पाच वर्षांत त्याच्या लक्षात आली नव्हती.

त्याने सही केली. का केली ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नसतं. म्हातारा टेबलाखालून उठायच्या आत काहीतरी संपवायला हवं होतं, एवढंच. बाईंनी कागद फाइलीत घातले, सोमवारी नवं मशीन बसेल म्हणून सांगितलं, उरलेली कॉफी उभ्याउभ्या प्यायल्या आणि गेल्या. बायकोने जाता जाता काकांना बातमी दिली. "काका, आता तुमच्या टिपेतून तीन जाणार नाहीत, दीडसुद्धा पुरते नाहीत." काका म्हणाले, "बरं झालं की." बायको आत गेली. स्वयंपाकघरात कांदा परतायला पडला, वास बाहेर आला, आणि तो टेबलाशी बसून राहिला. सगळं त्याला हवं तसं पार पडलं होतं. मूठ झाकलेली होती. आता फक्त उठून गल्ल्यावर जायचं होतं.

"काका, बसा जरा," तो म्हणाला. काका बसले नाहीत. अंगात वेटरचा कोट असताना ते गिऱ्हाइकाच्या टेबलावर कधीच बसत नसत. नॅपकिनांच्या घड्या घालायला बसणं ते बसण्यात धरत नसत. "बोला," ते म्हणाले आणि मान किंचित डावीकडे वळवून उजवा कान पुढे केला. तो बोलायला लागला आणि त्याला दिसलं की आपण भलत्याच ठिकाणाहून सुरुवात केली आहे. पहिल्या मशीनपासून. मग त्या पत्रापासून. मग म्हणाला, "मगाशी त्या बाई आकडा वाचत होत्या. तुम्ही ऐकलात का?" "ऐकला," काका म्हणाले. "पावणेदोन." त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्या आत काहीतरी कोसळेल. तसं काही झालं नाही. फक्त कान गरम झाले. "मी तीन कापत होतो. पाच वर्षं." "हो," काका म्हणाले, "ठाऊक आहे मला. आजचं नाही. हे निघालं होतं ना." त्यांनी बूट टेबलाच्या पायाला हलकेच टेकवला. "पहिल्याच सोमवारी निघालं. भिजलं होतं. म्हटलं, मालकांचा कामाचा कागद असेल, चुकून गेला असेल. खिडकीत वाळत घातला, वाचला. मग म्हटलं, त्यांनीच ठेवलाय तर असू दे जागच्या जागी."

"आणि बोलला नाहीत?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, जणू चूक काकांची होती. "पाच वर्षं माझ्या हातून पाकीट घेत होतात, ती चिठ्ठी वाचत होतात, आणि एका शब्दाने विचारलं नाहीत?" "विचारायचं काय त्यात?" काका म्हणाले. त्यांनी शेजारच्या टेबलावरचा ग्लास उचलला, उजेडात धरला, फडक्याने कड पुसली. संध्याकाळची मांडणी करायची वेळ झाली होती आणि हात रिकामे ठेवून बोलणं त्यांना जमत नसावं. "मी समजलो ना. ग्लासांचे असणार. महिन्याला पाच-सहा फुटतात इथे, माझ्याच हातून दोन तरी. तुम्ही कुणाला बोलत नाही, पगारातून घेत नाही, 'गेला, दुसरा घ्या' म्हणता. पण ग्लास काही फुकट येत नाहीत. म्हटलं, आपला मालक भला आहे, तोंडावर कापायला त्याला जड जातं, म्हणून असे घेतोय. मी हिशोबही लावून पाहिला होता एकदा. जवळजवळ जुळतो. आत सगळ्यांना मी तेच सांगून ठेवलंय. कुणाचं काही म्हणणं नाही."

दाढी करताना आरशातून बोलणारा माणूस त्याला दिसला, वस्तरा झटकून गालाची दुसरी बाजू करायला घेणारा. सोळा वर्षं तो गल्ल्यावरून मोठ्याने "गेला!" म्हणत होता आणि या सातजणांना दर सोमवारी त्या ग्लासाचे पैसे भरल्याचं समाधान होतं. त्याच्या वहीत ग्लास फुटत नव्हते. यांच्या हिशोबात ते पाच वर्षं फुटत होते. "नाही काका," तो म्हणाला. त्याला वाटलं, निदान एवढं तरी आपलं राहायला हवं, एवढं तरी यांच्यापाशी खरं असायला हवं. "ते ग्लासांचे नव्हते. ग्लासांचे मी कधी घेतले नाहीत. माझ्या वडिलांची शपथ आहे."

बाहेर कुणीतरी दार ढकलून पाहिलं, उघडायला अजून अवकाश आहे असं पाहून माघारी गेलं. काकांच्या हातातलं फडकं ग्लासाच्या कडेवर थांबलं. या वेळी ते खरोखर थांबलं होतं, त्यात शंका नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना समजेनासं झालं होतं, आणि पाच वर्षं समजलेली गोष्ट अशी एकाएकी समजेनाशी झाल्यामुळे ते पहिल्यांदाच म्हातारे दिसत होते.

"मग कशाचे होते, मालक?" त्यांनी विचारलं.

त्याने तोंड उघडलं. काका उजवा कान पुढे करून उभे होते.